डाग काढलेली दीर्घिका

आमच्या दुकानात मेलेली माणसंसुद्धा हसतात. पप्पांचा तसा नियमच आहे. सोलापुरात फ्लेक्सच्या फलकाला डिजिटल म्हणतात. वाढदिवसाचा डिजिटल, निवडीचा डिजिटल, श्रद्धांजलीचा डिजिटल. पहिल्या दोन प्रकारांत माणूस आपण होऊन हसत असतो. तिसऱ्यात पप्पा त्याला हसवतात, किंवा ते काम मला सांगतात.

मी बीएस्सीला असताना जेऊरहून एक माणूस आईच्या आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन आला होता. आई नुकतीच गेलेली, आणि तिचा दुसरा फोटोच नव्हता. मी दुपारभर त्या चेहऱ्यावर बसले. अर्धवट मिटलेले डोळे उघडले, सुरकुत्या काढल्या, ओठांचे कोपरे उचलले, रंग उजळला. गळ्याखाली दुसऱ्या कुणाची तरी हिरवी जरीची साडी जोडली. पप्पांनी मागून येऊन नाकाची सावली कमी करायला लावली. मग त्या माणसाला खुर्चीवर बसवून स्क्रीन दाखवला.

तो बराच वेळ बघत राहिला. "ही आमची आई न्हाई ओ," तो म्हणाला.

"आता हाय," पप्पा म्हणाले. "चौकात लावा, मग बघा पावणे काय म्हंत्यात."

दुकानातले सगळे हसले. तोही हसला, जरा उशिरा. डिजिटल घेऊन गेला.

पप्पा असेच आहेत. माणसं त्यांचं बोलणं ऐकायला दुकानात येऊन बसतात. ज्याच्यावर विनोद होतो त्यालाही हसावं लागतं, कारण न हसणाऱ्यावर दुसरा विनोद होतो. हे मी फार लहानपणी शिकले, कारण त्यांचा सगळ्यात जुना विनोद माझ्यावर आहे.

माझ्या डाव्या गालावर जन्मापासून डाग आहे. कानाच्या पाळीपासून सुरू होतो आणि हनुवटीच्या अलीकडे संपतो. जांभळट काळा, कडा वेड्यावाकड्या. फ्लेक्सचं मशीन सकाळी चालू केलं की आधी नोझल चेक करतात. चारही रंगांच्या बारीक रेघा कागदावर मारून बघायच्या, एखादं छिद्र तुंबलंय का. तुंबलेलं असताना प्रिंट मारली तर माल वाया जातो. नवीन गिऱ्हाइकाची नजर माझ्या गालावर जरा जास्त वेळ थांबली, की पप्पा म्हणायचे, "देवानं नोझल चेक न करता प्रिंट मारली बघा. आता माल परत घेत न्हाई."

गिऱ्हाईक हसायचं. मी स्क्रीनकडे बघत राहायचे. मी बसते ते दुसरं कॉम्प्युटर भिंतीला लागून आहे. डावा गाल भिंतीकडे येतो. ती जागा मी निवडली की पप्पांनी दिली, हे आता आठवत नाही.

घरात माझा एकही फोटो डागासकट नाही. पहिल्या वाढदिवसापासून सगळे पप्पांनी काढलेले आणि पप्पांनी साफ केलेले. शाळेचं ओळखपत्रसुद्धा. मला इंग्रजी माध्यमात घातलं त्याचं कारणही एक डिजिटलच होता. त्या शाळेचा प्रवेशाचा डिजिटल आमच्याकडे छापायला आला, त्यावर दोन शेंड्यांची एक गोरीपान मुलगी टाय लावून उभी होती. पप्पा मम्मीला म्हणाले, "आपली हितं जाणार." दहावीला मी शाळेत पहिली आले तेव्हा त्याच शाळेच्या फाटकावर माझा मोठा फोटो लागला. मी त्याच्याखाली उभी होते. एक बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या, वर बघितलं, मला विचारलं, "ही मुलगी कुठं भेटेल गं? हिच्या नोट्स हव्या होत्या." मी म्हणाले, माहीत नाही.

आठवीपासून मी दुकानात काम करते. बोलायला लागत नाही म्हणून मला ते आवडायचं. पप्पांनीच शिकवलं. त्यांची शाळा सातवीत सुटली. इंग्रजी येत नाही असं ते स्वतःच चारचौघांत सांगतात, वर मला 'मॅडम' म्हणतात. पण काम शिकवताना ते असं बोलायचे: "स्पॉट घे. ब्रश बारीक. फेसवर क्लोन मारू नको, हील मार, न्हाईतर कातडी चिंधीवानी दिसती. आन् आधी ओरिजिनलची कॉपी ठेव. रिमूव्ह केल्यालं परत येत न्हाई." क्लोन म्हणजे शेजारचा तुकडा उचलून तसाच चिकटवणं, हील म्हणजे तो भोवतीच्या रंगात मुरवणं. मी त्यांच्याहून चांगलं करायला लागले, तेव्हा त्यांनी मला नवरीचे चेहरे द्यायला सुरुवात केली. नवरीचं काम सगळ्यात नाजूक. एकही डाग राहता कामा नये आणि काढलेला कळताही कामा नये.

एका वाढदिवसाच्या गिऱ्हाइकानं सांगितलं, मागं त्या नव्या दुर्बिणीचा आकाशाचा फोटो टाका. तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसवर ते फोटो होते. मला मोठी फाइल हवी होती, म्हणून शोधत गेले. तर कळलं की अवकाशातली ती दुर्बीण जे टिपते ते काही काळानं सगळ्यांसाठी खुलं होतं. फोटो नव्हे, कच्चा माल. कुणीही उतरवून घ्यावा.

मी एमएस्सी फिजिक्सला होते, पण वर्गात हे कुणी बोललं नव्हतं. आपसात धडकणाऱ्या दोन दीर्घिकांच्या, म्हणजे दोन आकाशगंगांच्या, फाइल्स मी उतरवून घेतल्या. उघडल्या तर सगळं काळं. चार-दोन पांढरे ठिपके.

पप्पांनी मागून डोकावलं. "करप्ट हाय."

करप्ट नव्हतं. सगळं त्या काळ्यातच होतं. काही ठिपके इतके तेजस्वी, आणि बाकीचं इतकं मंद, की स्क्रीनवर फक्त ठिपकेच उरतात. मंद भाग हळूहळू वर ओढत न्यावा लागतो, तेजस्वी भाग दाबून धरावा लागतो. मी पहिल्यांदा ओढलं तेव्हा काळ्यातून आधी एक धूसर शेपूट आलं, लांबलचक, मग दुसरं, मग दोघांच्या मधला गुंता. मी दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत उठले नाही.

दीर्घिका धडकतात म्हणजे तारे एकमेकांवर आपटतात असं नसतं. ताऱ्यांमध्ये अंतर एवढं, की ते एकमेकांमधून निघून जातात, बहुतेकांना धक्कासुद्धा लागत नाही. आपटतो तो वायू. आणि धूळ. धूळ तापते, वायू दाबला जातो, त्यात नवे तारे पेटतात. साध्या प्रकाशातल्या फोटोत या जोडीचा एकच गोळा दिसतो आणि त्याच्यावर काळा पट्टा. तो पट्टा धुळीचा. माणसं बरीच वर्षं तेवढंच बघत होती. इन्फ्रारेड म्हणजे उष्णतेच्या बाजूचा प्रकाश, तो धुळीतून आरपार येतो. माझ्या एका फाइलमध्ये त्या काळ्या पट्ट्याच्या बरोबर मागे एक ठिपका होता. लहान, मातकट, जरा फुगलेला. तो दुसऱ्या दीर्घिकेचा गाभा होता. त्याच्यामुळेच तिथे दोघी आहेत हे सांगता येतं. तो नसेल तर तिथे एक दीर्घिका आहे आणि ती मळलेली आहे, एवढंच.

या प्रकाशाला डोळ्यांना दिसणारा रंग नसतो. फाइल्स करड्याच असतात, वेगवेगळ्या फिल्टरांतून घेतलेल्या. त्यांना रंग आपण द्यायचे. पण मनाला येतील तसे नाही. सगळ्यात लांब लहरीला लाल, सगळ्यात आखूड लहरीला निळा, मधल्यांना मधले. क्रम मोडायचा नाही.

हे मी पप्पांना एकदाच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे तू बी मेकपच करतीस की."

"जे तिथं नाही ते मी घालत नाही. आहे ते काढत नाही."

"आन् कोण बघाय जातंय तितं?" ते म्हणाले आणि बाकावरच्या लोकांकडे वळले. "आमच्या मॅडम आता आभाळाला पावडर लावायल्यात."

मी काम चालू ठेवलं. दुकान रिकामं असेल तेव्हा, गिऱ्हाइकांची वाट बघताना. चार फाइल्स एकमेकींवर तंतोतंत बसवायला मला महिने लागले. ताऱ्यांच्या गाभ्यात जिथे दुर्बिणीचे डोळे दिपलेले असतात तिथे फाइलमध्ये काळी भोकं पडतात. ती कुठली खरी आणि कुठली दिपल्याची, हे तपासत बसले. घाईनं साफ केलं नाही. साफ करणं मला सगळ्यात सोपं होतं म्हणून.

मग पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात आली. अशाच कच्च्या मालावर काम करायचं, वर्षभर, राहायची सोय तिथेच. निवड करणारे लोक जिल्ह्याजिल्ह्यांत जाणार होते. आमच्याकडे एका कॉलेजच्या हॉलमध्ये दिवसभराचं प्रदर्शन. प्रत्येकानं स्वतः तयार केलेली एक प्रतिमा मोठी छापून आणायची, समोर उभं राहून समजावून सांगायची. सोलापुरातून एकच घेणार.

पप्पा जेवत होते तेव्हा मी विचारलं. मम्मी भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"घेतलं तर जा," पप्पा म्हणाले. "न्हाई घेतलं तर भिंतीकडची खुर्ची हाय की. मग मात्र परत दुर्बीण म्हणायचं न्हाई. कबूल?"

"कबूल."

"आन् बोलणार काय तितं? तुझ्या तोंडातनं आवाज निघतो का?"

मम्मीनं भाकरी उलटली. मी काही बोलले नाही, आणि ते हसले, कारण त्यांचंच खरं झालं होतं.

प्रदर्शनाच्या सकाळी मी फाइल पप्पांच्या कॉम्प्युटरवर टाकली. मोठं मशीन तेच चालवतात. "नुसती प्रिंट मारा," मी म्हणाले. "काही करू नका." ते "व्हय व्हय" म्हणाले. मला हॉलमध्ये जाऊन जागा घ्यायची होती, म्हणून मी पुढे गेले. पप्पा डिजिटल गुंडाळून स्कूटरवर घेऊन आले तेव्हा हॉल भरत आला होता. त्यांनी लग्नाकार्याचा इस्त्रीचा शर्ट घातला होता. आम्ही दोघांनी मिळून तो स्टँडवर ताणला, दोऱ्या बांधल्या. मी दोन पावलं मागे सरकून बघितलं.

इतका सुंदर डिजिटल आमच्या मशीनमधून कधी निघाला नव्हता. काळा अगदी गडद, शेपट्या स्वच्छ, कडा धारदार. आजूबाजूच्या ताऱ्यांना त्यांनी वरून आणखी चमक मारली होती, नवरीच्या नथीला मारतात तशी. मी आधी फक्त ती चमक बघितली. मग मध्यभागी बघितलं.

दुसरा गाभा नव्हता.

तो होता तिथे आता धुळीचा पट्टा सलग गेला होता. दाणासुद्धा जुळवलेला, आजूबाजूची तांबूस छटा हलकेच ओढून आणलेली. मी तीस वेळा जवळून बघितलं असतं तरी जोड सापडला नसता. हे घाईचं काम नव्हतं. त्यावर वेळ घालवलेला होता.

"पप्पा, मध्ये काय केलं?"

"मधी एक डाग हुता," ते म्हणाले. "एवढं झ्याक चित्र, आन् बरोबर मधी डाग. काढला." आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून, "अगं, थँक्यू म्हण की."

वेळ नव्हता. पुण्याहून आलेल्या मॅडम आणि त्यांच्याबरोबरचे दोन सर शेजारच्या स्टँडपाशी पोचले होते. तिथे इंजिनिअरिंगचा एक मुलगा मोठ्या आवाजात, हात हलवत बोलत होता. मग ते आमच्याकडे आले. मॅडम बारीक, केस आखूड कापलेले. त्यांनी आधी माझ्या गालाकडे बघितलं, सगळे बघतात तेवढंच, मग डिजिटलकडे. बराच वेळ बघितलं.

"टक्कर होणारी जोडी लिहिलंय इथं," त्या मराठीत म्हणाल्या. "मला एकच दिसतेय. दुसरीचा गाभा कुठाय?"

माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. पप्पा म्हणाले होते तसंच.

"मॅडम, त्ये मी काढलं," पप्पा पुढे झाले. "डाग हुता तितं. पोरीच्या ध्यानात आला नसंल. मी म्हटलं, एवढी मोठी मान्सं यायलीत, असं कसं द्यायचं. आमचं कामच हाय त्ये. अवघ्या सोलापूरचं डाग आमीच काढतो."

मग त्या दोघांतले एक सर हसले. मग मॅडमही हसल्या, मान खाली घालून, तोंडावर हात धरून.

"दीर्घिकांचं ब्यूटी पार्लर," शेजारचा मुलगा म्हणाला, आणि मग सगळेच हसले. जमलेले विद्यार्थी, त्यांचे आईवडील, चहा घेऊन आलेला माणूससुद्धा. पप्पाही हसले. लोक हसतायत म्हणजे आपलं बोलणं बसलं, एवढंच त्यांना आयुष्यभर माहीत. मी बघत होते. त्या हसणाऱ्या माणसांच्या नजरा पप्पांवरून माझ्यावर येत होत्या आणि गालावर येऊन थांबत होत्या. अवघ्या सोलापूरचे डाग काढणाऱ्याची मुलगी.

"मूळ फाइल आहे?" मॅडमनी मला विचारलं. आवाजात अजून हसू होतं. त्या पुढच्या स्टँडकडे वळायला लागल्या होत्या.

मी पिशवीतून लॅपटॉप काढला. टेबलावर ठेवला, दोन्ही प्रतिमा शेजारी शेजारी लावल्या. आणि बोलायला लागले. इंग्रजीत. शाळेत बारा वर्षं वर्गाच्या मागच्या बाकावर बसून जे मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते, ते सगळं सरळ बाहेर आलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

मी म्हणाले, "धिस इज द ओरिजिनल. अँड धिस इज माय फादर्स व्हर्जन." मग गाभ्यावर बोट ठेवलं. "ही थॉट इट वॉज अ स्पॉट. सो ही रिमूव्ह्ड इट."

लोक पुन्हा हसले. पप्पांनी मान डोलावली. माझं कौतुक चाललंय असं समजून त्यांनी शेजारच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. आणि मला त्यांच्यासारखंच वाटलं. लोकांचं हसणं हातात आल्यावर कसं वाटतं ते. मी थांबले नाही. धूळ कशी, गाभा कसा, कुठल्या लहरीत दिसतो आणि कुठल्यात दिसत नाही, हे सगळं मी पप्पांच्या चुकीवरून समजावलं. एकेक पायरी. हे बघा, इथे त्यांनी क्लोन केलं. ही चमक आकाशातली नाही, आमच्या दुकानातली आहे. आठ टोकांचे तारे दुर्बिणीच्या आरशामुळे दिसतात, हे चार टोकांचे लग्नपत्रिकेतले आहेत. प्रत्येक वाक्याला हसू येत होतं. मॅडम आता लॅपटॉपवर वाकल्या होत्या.

शेवटी मी माझा गाल उजेडाकडे केला. मी असं कधीच केलं नव्हतं. "ही डझ द सेम टू माय फेस," मी म्हणाले. "इन एव्हरी फोटो. ही कान्ट लीव्ह अ फेस अलोन."

ते सगळ्यात मोठं हसू होतं. पप्पा त्यात होते, दात दाखवून, सगळ्यांकडे बघत.

संध्याकाळच्या आधी निकाल सांगितला. मला घेतलं. मॅडम जवळ येऊन म्हणाल्या की त्यांना बऱ्याच दिवसांत इतकं स्पष्ट कुणी समजावलं नव्हतं. कच्चा माल आणि साफ केलेला माल यांतला फरक तुला घरातच कळला, असं काहीतरी. मी थँक्यू म्हणाले.

येताना पप्पांनी स्कूटर चहाच्या गाड्यापाशी थांबवली. ते स्कूटरवर गप्प होते. ते गप्प असत नाहीत. चहा आल्यावर म्हणाले, "काय सांगत हुतीस गं इंग्रजीत? लई हसाय लागले हुते."

"तुमचं कौतुक केलं. तुमच्या हाताला सफाई आहे असं म्हणाले."

"हां," ते म्हणाले. बशीतला चहा फुंकला. "सफाई हाय खरी."

मला वाईट वाटलं नाही. मी ते वाटायची वाट बघितली, स्कूटरवर मागे बसून, घरापर्यंत.

पुढचे दिवस ते माझ्याशी कमी बोलले. दुकानात मात्र नेहमीसारखे. आलेल्या प्रत्येकाला सांगत होते, पोरीची पुण्याला निवड झाली, आभाळाच्या खात्यात. नोझलचा विनोद त्यांनी त्या दिवसांत एकदाही केला नाही. मम्मीनं माझ्या बॅगेत शेंगाचटणी भरली, ज्वारीच्या कडक भाकऱ्या भरल्या, आणि मला आरशासमोर उभं करून पावडर लावायला लागली. मी तिचा हात धरला. तिनं डबा मिटून ठेवला.

निघायच्या दिवशी सकाळी रिक्षा चौकात आली आणि रिक्षावाल्यानं आपण होऊन वेग कमी केला. आमच्या चौकातला खांब पप्पांचाच असल्यासारखा आहे, मोक्याचा, सगळ्या बाजूंनी दिसणारा. त्यावर नवा डिजिटल होता. वर 'हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छा देणाऱ्यांच्या लहान लहान फोटोंची रांग, त्यात कोपऱ्यात पप्पा, केस काळे, गाल भरलेले, वीस वर्षांपूर्वीचे. मागे माझ्या दोन्ही दीर्घिका. दोन्ही गाभे जिथल्या तिथे. मातकट ठिपका, जरा फुगलेला. आणि मध्ये माझा चेहरा, माणसाहून उंच.

डाग होता. कानाच्या पाळीपासून हनुवटीच्या अलीकडेपर्यंत. कडेचा प्रत्येक वळसा. एवढा मोठा मी तो कधीच बघितला नव्हता. दोन ठिकाणी त्यात तीळ आहेत हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. कॉलेजच्या ओळखपत्रासाठी दुकानातल्या पांढऱ्या चादरीपुढे काढलेला फोटो होता तो. साफ केलेला माझ्याकडे होता. हा त्यांनी जपून ठेवलेला होता. म्हणजे सगळेच जपलेले असणार, पहिल्या वाढदिवसापासूनचे.

चौकातली माणसं मान वर करून उभी होती. रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं, मग वर बघितलं, मग काही विचारलं नाही. "दुकानापाशी थांबवा," मी म्हणाले.

पप्पा स्क्रीनसमोर होते. वळले नाहीत.

"हे काय केलंत?"

"काय केलं? कायबी न्हाई केलं." माउस चालूच होता. "ओरिजिनल टाकलं. स्पॉट काढला न्हाई. फेसला हात लावला न्हाई. मागचं तुझं आभाळ, त्यातलं बी काय रिमूव्ह केलं न्हाई. तसंच पायजे हुतं न्हवं, मॅडम?"

मी दारात उभी होते. हॉलमध्ये मी त्यांच्याबद्दल बोलताना वापरलेला जवळजवळ प्रत्येक शब्द त्यांच्या रोजच्या कामातला होता. मीच त्यांच्याकडून शिकले होते.

फोन वाजला. शाईचे हात असतात म्हणून पप्पा नेहमी फोन स्पीकरवर टाकतात. चौकातला पानवाला होता.

"ओ, तुमच्या पोरीचा डिजिटल खराब आलाय की. गालावर शाई सांडलीया समदी. लोकं बघाय लागल्यात. उतरवू का?"

पप्पांनी खुर्ची फिरवली. त्या सकाळी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं, सरळ गालाकडे, गिऱ्हाईक बघतं तसं.

"शाई न्हाई सांडली," ते फोनमध्ये म्हणाले. "नोझल चेक करूनच मारलाय. पोरगीच तशी हाय. ऱ्हाऊ दे."

पलीकडे कुणीतरी हसलं. पप्पा हसले नाहीत. फोन ठेवला आणि पुढची फाइल उघडली. करमाळ्याच्या कुणाचा तरी वाढदिवस होता. माणूस दिलखुलास हसत होता आणि त्याचे दात तंबाखूनं तपकिरी झाले होते.

"जायच्या आधी एवढे दात करून जा," ते म्हणाले. "तुझा हात बारीक हाय."

भिंतीकडची खुर्ची रिकामी होती. बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. मी दात केले नाहीत.